ठाकुर्लीचा रूळ

डोंबिवली पूर्व,
२४ जानेवारी २०२५

प्रिय कमलेश भावोजी,

नमस्कार. इकडे सर्व ठीक, असं लिहायची सवय म्हणून लिहिलं. ह्यांना जाऊन आज अठरा दिवस झाले. तुम्ही स्मशानात येऊन परस्पर कल्याणला गेलात, असं जावई म्हणाले. मला रडू येत नाही. कुकर लावते, शिट्ट्या मोजते, जेवते.

दक्षता म्हणते, तळघर रिकामं करू. तुम्हा दोघा भावांची ती रेल्वे! घरात देवांना एक कोनाडा आणि हिला अख्खं तळघर. परवा खाली उतरले. ठाणं ह्यांचं, कल्याण तुमचं, मध्ये थर्माकोलचा पारसिकचा डोंगर. बटण दाबलं तर गाडी ठाण्याहून सुटली आणि डोंबिवलीला येऊन थांबली. पुढे ठाकुर्लीचा वीतभर रूळच नाही. तुम्ही यायचे बंद झालात तेव्हा ह्यांनी तो काढला, तेलाचं बोट फिरवून कागदात गुंडाळून तिथेच ठेवला. "कमलेश येईल, तोच जोडेल," म्हणायचे. मी म्हणायचे, "बसा वाट बघत."

दक्षताच्या लग्नपत्रिकेत तुमचं नाव राहिलं, ती चूक आमचीच. पण व्याह्यांसमोर तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, ते मी सात वर्षं मनात धरून ठेवलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. जावयांनी हात जोडले, "आईंना सांभाळू." दक्षता म्हणाली, "बाबा, घर विकणार नाही." कावळे पत्र्यावर बसून होते. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय बोलायचं ते मला माहीत होतं. चार लोकांत तोंड उघडेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

हॉस्पिटलात शेवटचे तीन दिवस ह्यांचं एकच चाललं होतं, "कमलेशला फोन लाव गं." मी फोन कानाला धरायचे आणि सांगायचे, "लागत नाहीये." नंबर फिरवलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "राहू दे. कामात असेल तो."

दहाव्याला बोलायचं होतं ते आता लिहिते. या. रूळ जोडा, नाहीतर सगळं मोडून न्या. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. तुम्ही येईपर्यंत तळघराला हात लावायचा नाही, असं दक्षताला बजावलंय.

तुमचा नंबर मला पाठ आहे. फोनच करणार होते. पण तो लगेच लागला असता.

तुमची
वहिनी