राजमातेचा चौदावा नंबर

१० एप्रिल २०१६, उदगीर
चौदा! बावीस घरांच्या गल्लीत मला चौदावा नंबर. टँकर थांबतो तिथलं पहिलं घर माझं. चिठ्ठ्या टाकायचं ठरलं होतं, पण दानम्माने परस्पर यादी केली आणि पहिला नंबर स्वतःला घेतला. तीस वर्षांपासूनची शेजारीण! पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर अक्षर उमटलं. उमटू दे.
निश्चय: भांडायचं नाही. नांदेडच्या भाचीने पेनड्राइव्हमध्ये कोरियन ऐतिहासिक मालिका भरून दिल्यात. त्रेचाळीस भाग झाले. त्यातली राजमाता कधी आवाज चढवत नाही. नुसती गप्प बसते. शेवटी सगळे मंत्री अंगणात चटईवर गुडघे टेकून क्षमा मागतात.
धडा पहिला: मौन.

११ एप्रिल
मौन सुरू. दानम्मा भिंतीवरून म्हणाली, काय ताई, घसा बसला का? मी राजमातेसारख्या पापण्या अर्ध्या मिटल्या. तर म्हणते, डोळे आले वाटतं, गुलाबपाणी घाला.
संताप, संताप.

१४ एप्रिल
जयंती. खीर केली. दरवर्षी पहिली वाटी दानम्माची. लग्न करून मुदखेडहून इथे आले, तेव्हा या गल्लीत माझ्या हातचं पहिल्यांदा खाल्लं ते तिनेच. वर आणखी मागून घेतलं होतं. डोळे भरून आले. लगेच पुसले. राजमाता रडत नाही. वाटी पाठवली नाही.
संध्याकाळी कळलं, शेषेरावांनी गुपचूप नेऊन दिली. वर मलाच सांगतात, तिने तुझ्या मुतखड्याची चौकशी केली. दरबारातली फितुरी नवऱ्यापासून सुरू होते. धडा दुसरा.

२० एप्रिल
टँकर. माझा हौद काठोकाठ, पाणी काचेसारखं. टँकरवाल्या व्यंकटीवर माझ्या मौनाची छाप पडलेली दिसते.
तिकडे दानम्मा! पहिला नंबर घेऊन लुगड्याच्या चौपदरी घडीतून पाणी गाळत बसली होती. नखरे किती असावेत माणसाला!

२३ एप्रिल
उदगीर जिल्हा होणार, अशी बाजारात पुन्हा चर्चा. नव्या कलेक्टरला पहिलं निवेदन माझं जाणार. इंग्रजीत लिहिलं, कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात. शेषेराव म्हणाले, अगं, आधी जिल्हा तरी होऊ दे. मी म्हटलं, मालिकेत युवराज जन्मायच्या आधी त्याच्या राज्याभिषेकाची तयारी असते.
मागणी: दानम्माला गल्लीतून हद्दपार करावे. थोड्या वेळाने 'एक वर्षासाठी' घातलं. मग 'पंधरा दिवसांसाठी'. पुढच्या महिन्यात तिच्या नातीचं बारसं आहे. पाळणा मला म्हणायचाय.

२६ एप्रिल, सकाळी ११
विजय! दानम्मा माझ्या फाटकासमोर गोणपाटावर गुडघे टेकून बसली आहे. मान खाली. खिडकीतून स्पष्ट दिसतंय. टँकर आलाय, पण पाण्याचं शेषेराव बघतील. इकडे इतिहास घडतोय.
दहा मिनिटं बसू दे. शाळेत सिस्टर मला एवढाच वेळ गुडघ्यावर बसवायची. नको, पाचच. ऊन फार आहे. आणि तिचे गुडघे दुखतात. दोन मिनिटं पुरे. जरीकाठाची नेसते आणि जाते.

त्याच दिवशी, दुपारी
गेले. ताठ उभी राहिले. म्हटलं, उठावे, आम्ही क्षमा केली आहे.
ती वर न बघताच म्हणाली, ताई, क्षमा राहू द्या, आधी पाइपावरचा पाय काढा. पाणी अडलंय.
पाइप चिरला होता. ती त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळत होती. माझ्याच हौदाचा पाइप. चौदावा नंबर चालू होता.
मी पाय काढला. पट्टी निसटली. राजमाता पदरापासून निऱ्यांपर्यंत चिंब. व्यंकटी टँकरवर बसून इतका हसला की त्याला ठसका लागला.
एवढ्या चिडीत विचारलंच, मला चौदा का? आणि तुला पहिला का?
ती म्हणाली, टँकरचं पहिलं पाणी म्हंजे निव्वळ गाळ, ताई. शेवटी शेवटी धार बारीक होती. मधलं नितळ येतंय, मी चार टँकर उभं राहून बघितलं. तुम्हाला खडा हाय. माझं काय, मी गाळून पीन. एवढं शिकलेल्या तुम्ही, इतकं कळंना व्हय?
चौपदरी लुगडं आठवलं. मला कुणाचा राग आलाय तेच समजेना. शेवटी शेषेरावांवर ओरडले.

२७ एप्रिल
निवेदन फाडलं नाही, कागद चांगला होता. पाठीमागे पाळणा उतरवून काढला.
सकाळी काचेसारख्या पाण्याचे दोन हंडे घेऊन दानम्माकडे गेले. म्हटलं, आजपासून मी मौन सोडलं.
ती म्हणाली, कोणतं मौन? मला वाटलं, तुमची दाढ दुखतीय.
सोळा दिवस!