मातीची पुरचुंडी

भांडुप, ऑगस्ट १९८६

ती. आईस वनमालाचा नमस्कार.

मी बरी आहे, मामी पोटभर जेवायला घालते. तुझा खोकला थांबला का?

आपल्या शेतातल्या मातीची पुरचुंडी मिळाली. कॉलेजात आम्ही प्रत्येकीने गावची माती बशीत पाणी घालून उन्हात ठेवली. भाताला पोसणारे जिवाणू वाढले की वर हिरवी साय धरते. सगळ्यांच्या बशा हिरव्या झाल्या, आपली तशीच आहे. युरिया जास्त झाला की ते वाढत नाहीत, म्हणून बाईंनी विचारलं, "युरिया फार मारता का गं?" दादा किती टाकतो ते ठाऊक असून मी "माहीत नाही" म्हटलं. त्याला इतक्यात काही सांगू नकोस.

आई, किडे होऊ नयेत म्हणून तू रवासुद्धा भाजूनच पाठवतेस. मातीही तव्यावर भाजली होतीस ना? भाजली होती, एवढंच कळव.

तुझी वनमाला