बारा बटणं आणि ताटं पुसायचं फडकं

डेकोरा, आयोवा
१९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप लेलंडदादास धाकट्या वेंडेलचा नमस्कार.

वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आणि तुझा उजवा खांदा? (हात पूर्ण पुढे जातो का, ते आठवणीने कळव.) इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे विमान नऊ वर्षांनीही गॅरेजातच आहे. पंख झाले, इंजिन बसलं, आता अडलंय ते बारा बटणांवर. कुठलं बटण कुठे, एवढंच ठरत नाही. हसू नकोस. इंधनाच्या पंपाशेजारी इंजिनाच्या ठिणगीचं बटण आलं आणि उतरताना बोट इंचभर चुकलं, की वसंतात मक्याच्या धसकटांतून मला गोळा करायला तुलाच यावं लागेल.

आम्हा घरी विमान बांधणाऱ्यांची रीत अशी, की पुठ्ठ्यावर बटणांच्या जागी बाटल्यांची बुचं चिकटवायची, डोळे बांधून समोर बसायचं आणि कुणी नाव पुकारलं की हात बरोबर त्या बुचावर गेला पाहिजे. आर्लिस ताटं पुसायच्या फडक्याने माझे डोळे बांधते आणि ओव्हनपाशी उभी राहून ओरडते, "पंप! दिवा! पंप!" परवा मी तीनदा ठिणगीच विझवली. "मेलास," ती म्हणाली, "आता हात धू आणि जेवायला बस." शनिवारी आम्ही सगळे विमानवाले धावपट्टीवर पॅनकेक खायला जमतो, तिथे पुठ्ठा नेला, तर प्रत्येकाने सिरपाच्या बोटांनी एकेक बूच हलवून दिलं (डुआनने दोन, त्याचं स्वतःचं विमान अजून खोक्यात आहे). शेवटी मीच ठरवलं: पंपाला गोल मूठ, दिव्याला चौकोनी, ठिणगी पार डावीकडे, वर उचलायचं झाकण. कालपासून एकदाही मेलो नाही.

तुझा,
वेंडेल

ता. क. पुठ्ठा मी तुझ्या हाताच्या मापाने आखलाय. विमान तू उडवायचंस. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं, माझं समोरचं दिसणं नाताळपर्यंत जाईल. मला शेजारी बसव, बटणं मी सांभाळतो. नाही म्हणू नकोस, दादा.

ता. क. २. आर्लिसला यातलं काही बोलू नकोस. तिला वाटतं, माझी बोटं चुकतात ती फडक्यामुळे.

ता. क. ३. भावजी, मी आर्लिस. ओळींवर ओळी चढल्या होत्या, म्हणून त्याचं पत्र मी उतरवून पाठवते आहे. त्याला कळू देऊ नका. लवकर या. गेले दोन आठवडे मी विरून जाळी झालेलं फडकं बांधते आहे. त्यातून मला अख्खं स्वयंपाकघर दिसतं.