काम पूर्ण झाल्याची सही

प्रिय जुईली,

तू म्हणशील, बाबांना फोन करायला काय झालं होतं? अगं, फोनवर तू घाईत असतेस आणि मी जेवलीस का एवढं विचारून ठेवून देतो. शिवाय हे मला नीट मांडताच येत नाहीये. आई श्रेयसदादाकडे अकोल्याला गेलीय, नाहीतर तिनं दोन वाक्यांत माझा निकाल लावला असता.

वाचनालयाला रंग दिला. ज्या खिडकीत बसून तू दिवाळी अंक संपवायचीस, तिथं आता इंटरनेटचा डबा आहे. त्या डब्याचंच सांगायचंय. उद्घाटनाला पाहुणे वेळेवर आले, हाच पहिला घोळ. चौकातल्या खांबापासून वाचनालयात आणि शेजारच्या शाळेत तार आणायला अनुदान मिळालं होतं, तूच तुझ्या ऑफिसात त्या फाइलीमागे धावली होतीस. बसवणाऱ्यानं घाईघाईनं डबा ठोकला, हिरवा दिवा लागला, पाहुण्यांच्या फोनवर व्हिडिओ चालला, नारळ फुटला. आपल्याकडे गळ्यात हार असतानाच सह्या उरकतात, तशी वाचनालयाचा अध्यक्ष म्हणून ‘काम पूर्ण’वर माझीही झाली. संध्याकाळी तू विचारलंस, झालं का बाबा? मी म्हटलं, झालं. मला खरंच तसं वाटलं होतं गं.

दुसऱ्या दिवशी आपला शिपाई देवमन म्हणाला, “गुरुजी, हा डबा निस्ता करंट खाऊन राहिला. तार तं खिडकीबाहेर गुंडाळून ठेवली हाये.” व्हिडिओ ज्याच्या त्याच्या फोनच्या नेटवर चालला होता. दोन दिवसांत जोडतो म्हणणारा माणूस तीन महिने फिरकला नाही आणि मीही लाजेनं गप्प बसलो. आता कागद आलाय, तुमच्या गावचं काम पूर्ण असल्यानं उरलेलं अनुदान दुसऱ्या गावाला देण्यात येत आहे.

खरं लिहावं, तर पडताळणीत माझ्या सहीखाली तुझी सही. माझ्या शब्दावर, न बघता केलेली. नोकरी पक्की व्हायला तुला अजून चार महिने आहेत. लोक म्हणतील, बापासाठी लेकीनं डोळे झाकले. गप्प बसावं, तर शाळेच्या रागिणी मॅडम दर शनिवारी मुलींना जीपनं मोर्शीला नेतात, कॉम्प्युटरवर परीक्षेचा सराव करायला. परवा जीपमध्ये जागा नाही म्हणून देवमनची नात निधी परत आली आणि दिवसभर वाचनालयात बसून राहिली. देवमननं मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि आता माझंच डोकं चालेना.

शेवटी काल अर्ज लिहिला. काम अपूर्ण आहे, सही ही माझी चूक, पडताळणी करणारीला मीच चुकीचं सांगितलं, असं सगळं त्यात आहे. पण पाठवायचा की नाही, ते काही केल्या ठरेना. म्हणून हे पत्र आणि तो अर्ज दोन्ही देवमनच्या हाती देऊन त्याला सकाळच्या एसटीनं अमरावतीला धाडतोय. अर्ज त्याला वाचून दाखवलाय. तुझं हे वाचून होईपर्यंत तो तुझ्या टेबलासमोर उभा असेल. तू हो म्हणालीस तर तो अर्ज तिथंच देईल. नको म्हणालीस तर परत आणेल आणि मी तुला कधी काही विचारणार नाही. फक्त ते ‘नको’ तुला त्याच्या तोंडावर म्हणावं लागेल.

तुझाच,
गोंधळलेला बाबा