चार बोटं दुमड

देवराज मोहल्ला, म्हैसूर
११ मे २००३

सन्माननीय नागोजीराव व्याही यांस विठ्ठलराव शिंप्याचा मनापासून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझी नजर अजून सुईच्या नाकापर्यंत जाते, दोरा जात नाही. ‘व्याही’ लिहिताना हात जरा थांबला. माझ्या सीतेची आणि तुमच्या मानाजीची फारकत होऊन पाच वर्षं झाली, पण तो निकाल मी चष्मा लावून दोनदा वाचलाय, त्यात व्याह्यांविषयी एक अक्षर नाही. म्हणजे आपण अजून आहोत. (फोन केला असता, पण तुम्ही ‘हं’ म्हणून गप्प झालात की मला पुढचं सुचत नाही. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासूनचं आहे हे.)

तर आपली नात वनजा पंधराची झाली आणि तिला बन्नूरला, बापाजवळ राहायचंय. सीतेनं विचारलं, इथे काय कमी पडलं ग? पोरगी म्हणाली, “काही नाही अम्मा. तेव्हा कोर्टात मला विचारलं कोणाकडे राहतेस, तू रडत होतीस म्हणून मी तुझं नाव घेतलं. अप्पा रडत नव्हते, म्हणून त्यांना कोणी विचारलंच नाही.” सीता बराच वेळ भाजी निवडत बसली, निवडलेलीच पुन्हा. मग म्हणाली, तुझे ताता हो म्हणाले तर मी कागदावर सही करते. म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. मी म्हटलं, आधी तिथल्या शाळेचा युनिफॉर्म तर शिवू दे, मग बघू.

आता या युनिफॉर्मचं ऐका. तिथला स्कर्ट मरून रंगाचा. कापड आणलं, टेबलावर पसरलं, आणि शेजारी पडलेलं निळं कापून मोकळा झालो. (दहा वर्षं हात तिच्या इथल्या शाळेचं निळंच कापतोय, त्याला कोणी कळवलं नव्हतं.) दुसऱ्यांदा मरूनच कापलं, पण मापाच्या वहीत पाच वर्षांपूर्वीचं पान उघडलं आणि मी तिथंच रमलो. स्कर्ट गुडघ्याच्या वीतभर वर आला. वनजानं आरशात पाहिलं आणि म्हणाली, “ताता, बेकंतले माडतीरा?” मुद्दाम करताय ना, असा अर्थ. रागावली की ती कानडीत शिरते. मी म्हटलं, सुम्ने, गप उभी राहा, माप घेऊ दे.

माप घेताना तोंडातून आपली ती शाळेतली कविता आली. मुलगी सासरी निघते आणि विहिरीजवळची गाय चारा खात नाही, ती. दोन कडवी म्हटली आणि थांबलो. तिसऱ्याचं पान आपल्या पुस्तकात फाटलेलं होतं, आठवतं? मास्तरांनी दोनच पाठ करून घेतली, त्यामुळे साठ वर्षं ती गाय उपाशी आहे. वनजा म्हणाली, “खाल्लं असेल हो ताता. तिसऱ्या दिवशी गायी खातात.” फार सहज म्हणाली. टेप माझ्या हातात तसाच राहिला आणि माप पुन्हा घ्यावं लागलं.

तिसरा स्कर्ट बरोबर झालाय. मी हो म्हटलं, सीतेनं सही केली. येत्या रविवारी सकाळच्या बसनं वनजा येईल, तिच्याच हाती हे पत्र देतोय. दुधावरची साय तिला चालत नाही. अभ्यास मोठ्यानं करते, करू द्या, घर भरल्यासारखं वाटतं. मानाजीला माझा आशीर्वाद सांगा. त्या वेळी त्याला विचारायचं माझ्याकडूनही राहिलंच.

तुमचा,
विठ्ठलराव

ता. क. स्कर्टला खाली चार बोटं दुमड ठेवली आहे. पोरगी वाढली की टाके उसवून खाली सोडायची. बन्नूरला शिंपी असतील, चांगलेही असतील, पण ज्यानं दुमड घातली त्यानंच ती सोडायची अशी आमच्यात रीत आहे. तेव्हा त्या कामाला तिला इथेच पाठवा. बसमध्ये एकटी कशाला, तुम्हीही या.

पुन्हा ता. क. अशी रीत आमच्यात नाही. आणि दुमड चार बोटं नाही, एकच आहे. दसऱ्यापर्यंत स्कर्ट आखूड होईल. काल वनजानं ती बोटानं मोजली, माझ्याकडे पाहिलं, आणि स्कर्ट घडी घालून पिशवीत ठेवला.