पोटाशी पिशवी

सिस्टर, तुमच्या देशातल्या त्या उडणाऱ्या प्राण्याचा फोटो मला अजून दिसतो. लॅमिंग्टन रोडवरच्या मिशनच्या शाळेत तुम्ही तो आम्हाला दाखवलात. मऊ लव, लांब शेपूट, पोटाच्या पिशवीत पिल्लू. "जुनी झाडं तोडली, जाळली. ढोल्या गेल्या, आता हेही जाईल," म्हणताना तुमचा आवाज फाटला. मी तेव्हा एसएसएलसीला, शाळेच्या शेवटच्या वर्षात. हात वर करून म्हणाले, आमच्या अळणावर गावच्या रानातही उडती खार आहे, कन्नडात तिला उडती मांजर म्हणतात. अप्पांचा तिथे झाडतोडीचा ठेका होता. दसऱ्याच्या सुट्टीत तुम्ही आमच्याबरोबर आलात.

मुकादम कुऱ्हाडीच्या पाठीने जुन्या ऐनाचं खोड ठोकतो आहे. तिथली रीतच ती, संध्याकाळी ठोकायचं आणि सकाळी तोडायचं, म्हणजे ढोलीतले जीव रात्रीत बिऱ्हाड हलवतात. "सिस्टरबाई, तुमच्याकडेही मांजरं उडतात? मग माणसं काय करतात?" "झाडं तोडतात," तुम्ही म्हणता, सगळे हसतात. तेवढ्यात ढोलीतून खार निघते, अंग पसरून दरीकडे तरंगत जाते. तुम्ही टाळ्या वाजवता. अप्पांना लॉरी भरायची घाई, तरी ते विचारतात, "आत पिल्लू राहिलं असेल का हो, सिस्टर?" "छे, ते आईच्या पोटाशी, पिशवीत असतं," तुम्ही खात्रीने सांगितलंत. मग सकाळची वाट कुणी पाहिली नाही.

ऐन कोसळला, ढोली उभी फुटली. आत पिल्लू, डोळेही न उघडलेलं, अर्धं चिरडलेलं, पाय झाडत होतं. तिन्हीसांजेला आई परत आली. झाड नव्हतंच, ती पडल्या खोडावर आपटली आणि वास घेत ढोलीकडे सरकू लागली. कालवणाच्या आशेने एका मजुराने तिला काठी घातली. दुसरी तुमच्या मनगटावर बसली, तुम्ही मध्ये पडला होतात. तिसरीने खारीचं डोकं फुटलं, तुमचा पांढरा झगा रक्ताने भरला. "परवाना आहे, सिस्टर, पाप नाही लागत," अप्पा समजुतीने म्हणाले, आणि तुम्ही फाडकन त्यांच्या थोबाडीत मारलीत. मग गुडघे टेकून तिचं पोट चाचपत राहिलात, तिथे नसलेली पिशवी शोधत.

परतीच्या गाडीत अप्पा गाल चोळत मला म्हणाले, "मारली ते बरं केलं बाईंनी." तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. पुढे तुम्ही मायदेशी गेलात, तिथेच वारलात. हे कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगते. नातीला झोपवताना मी ही गोष्ट सांगते, पण खार दरीकडे तरंगत जाते तिथेच थांबते. आणि तिच्या पोटाला, सिस्टर, मी अजून पिशवी लावते.