हुकाचा पट्टा

रोहा,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय संध्याताई,

तुला आणि सुभाषभाऊजींना नमस्कार. इकडे सगळं ठीक. यांची सेकंड शिफ्ट चालू आहे, आमच्या आदर्शला सर्दी झालीय, वाल पेरून झाले. पंचांनी पट्टा नाकारल्यापासून तू कुणाचाच फोन उचलत नाहीस, म्हणून चिठ्ठी तुमच्या शेजारच्या भरतच्या हाती देतेय. वाचल्याशिवाय फाडू नकोस.

रविवारी रामवाडीच्या हॉलमध्ये जिल्हा संघाची शेवटची निवड. पिना पाडायच्या बोलिंगच्या संघात बायकांची एकच जागा उरलीय आणि खेळणाऱ्या आपण दोघी.

भाऊजींनी पट्टा बनवला तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या होत्या. एक टोक तुझ्या उजव्या मनगटाला, दुसऱ्या टोकाचं हुक बॉलच्या भोकात, हात पुढे गेला की हुक निसटणार. नियमात नेमकं हेच बसत नाही. बॉल हातानेच सुटला पाहिजे, सुटताना वेगळी होणारी वस्तू त्याला लावायची नाही. हात किंवा हाताचा बराचसा भाग कापला गेला असेल तरच सूट. पंच म्हणाले, "बाई, तुमचा हात तर हाय ना!" तू पट्टा सोडून पिशवीत टाकलास. मी शेजारीच उभी होते.

परवा पेणच्या स्टँडवर तू आधीच्या फेरीत बाद झालेल्या हौसाला सगळ्यांदेखत बोललीस, "तुझ्याच पोटात दुखलं, तूच पट्ट्याविरुद्ध अर्ज केलास." ती रडत घरी गेली. ताई, हौसाने काही केलेलं नाही. त्या अर्जावर सही माझी आहे.

नियमासाठी केलं असं लिहिणार होते. खोटं आहे ते. मला ती जागा हवी होती. कारखान्यात तू गणपतीचे डोळे आखायचीस आणि मी पाटाला रंग फासायचे. इथे तरी पुढे जाईन म्हटलं, तर इथेही तूच, तेही त्या लुळ्या हाताने. मला सहन झालं नाही.

आणि तो लुळा झाला कुणामुळे? हमरापूरला सहा फुटी मूर्ती टेम्पोत चढवताना माझी पकड सुटली. माझ्या अंगावर येणारी मूर्ती तू हात घालून अडवलीस. वर आईला म्हणालीस, "माझाच पाय घसरला गो." नऊ वर्षं झाली. तू कधी विषय काढला नाहीस, आणि मला ते सोयीचं होतं.

अर्ज मागे घेतला तरी पट्टा चालणार नाही, मी विचारून आले. मग नियमांचं पुस्तक मागून घेतलं. दोन हातांनी बॉल टाकायला बंदी नाही, फक्त आधी पंचांना सांगावं लागतं. डाव्या हाताची बोटं भोकात, उजवा तळवा खालून. साच्यातून काढलेली ओली मूर्ती आपण बोटं न लावता धरतो ना, तसा. तेवढं तुझा उजवा हात अजून करतो. गेल्या गणपतीच्या कामात मी पाहिलंय.

हौसाला आजच खरं सांगितलं. म्हणाली, "तुझं तोंड बघायचं नाय मला." काय चुकलं तिचं?

शनिवारी दुपारी हॉल मोकळा असतो. मी येऊन बसते. शिव्या दे, पण सराव कर. रविवारी मी मुद्दाम हरणार नाही, तसली जागा तू घ्यायची नाहीस. पण तू आली नाहीस तर मीही खेळणार नाही.

खेळाआधी आईला त्या दिवसाचं सगळं सांगणार आहे. तू मध्ये पडू नकोस. या वेळी तरी.

जिची पकड सुटली होती ती,
तुझी शिल्पा